कागदावरची वंशावळ संगणकात: मोडी, शके, दत्तक आणि ग्रॅम्प्स

मराठी घरात वंशावळ सहसा एका जागी नसते. थोडी कुलवृत्तांतात, थोडी आत्याच्या आठवणीत, थोडी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीत आणि बरीचशी तलाठ्याच्या दप्तरात असते. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर अनेकांनी कोतवाल बुकं, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे आणि जुने फेरफार बाहेर काढले, प्रतिज्ञापत्राला जोडायला चार-पाच पिढ्यांची वंशावळही लिहून काढली. दाखला मिळाला की ती पिशवी पुन्हा माळ्यावर जाते. ती माळ्यावर जाण्याआधी संगणकात कशी आणायची, त्यासाठी हा लेख.

सॉफ्टवेअर म्हणून इथे ग्रॅम्प्स धरलं आहे. ते फुकट आणि मुक्तस्रोत आहे, २००१ पासून चालू आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि सगळी माहिती तुमच्याच संगणकावर ठेवतं. मायहेरिटेज किंवा फॅमिलीसर्च ही संकेतस्थळं वापरत असाल तरी इथलं बहुतेक लागू पडेल, फक्त बटणांची नावं बदलतील. फॅमिलीसर्चबाबत एक लक्षात ठेवा: तिथे सगळ्या जगाचा मिळून एकच वृक्ष आहे, त्यामुळे तुम्ही भरलेल्या पणजोबांची तारीख कुणीही बदलू शकतो. पहिली भरणी स्वतःच्या संगणकावरच करावी.

या कामाचा माझ्या मते एकच नियम आहे: नोंद आधी, माणूस नंतर. बहुतेक लोक उलट करतात. सॉफ्टवेअर उघडतात, स्वतःचं नाव टाकतात, मग वडील, आजोबा, आणि दोन तासांत चाळीस माणसं होतात. सहा महिन्यांनी चुलतभाऊ विचारतो, 'आजोबांचं जन्मवर्ष १९०८ कुठून आणलंस?' आणि उत्तर नसतं. म्हणून आधी कागद.

कागदांना क्रमांक द्या

हातातल्या प्रत्येक कागदाला एक क्रमांक द्या आणि साध्या वहीत त्याची यादी करा: क्रमांक, काय आहे, कुणाकडून मिळाला, मूळ कुठे आहे, कोणत्या लिपीत आहे. मूळ कागदावर पेनाने काही लिहू नका. ज्या पाकिटात तो ठेवाल त्यावर पेन्सिलीने लिहा. जुना कागद लॅमिनेट करणं म्हणजे तो कायमचा बिघडवणं, तेव्हा तो मोह टाळा.

स्कॅन मजकुरासाठी ३०० डीपीआयने, फोटोंसाठी ६०० ने. मोबाइलने काढणार असाल तर फ्लॅश बंद, खिडकीजवळचा उजेड आणि कागद सपाट. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही फोटो घ्या, कारण जुन्या पत्रांवर शिक्का किंवा तारीख मागेच असते. फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि कागदाच्या क्रमांकानेच सुरू करा. देवनागरी नावाची फाइल आज चालते, पण झिप करून दुसऱ्या संगणकावर उघडली की कधीकधी नावाच्या जागी चौकोन येतात.

पिशवीत काय असू शकतं याचा अंदाज असला की शोधही नेमका होतो. सातबाऱ्यापेक्षा फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, जास्त कामाचा. खातेदार मयत झाल्यावर वारसांची नावं नात्यासह तिथेच येतात: मुलगा, मुलगी, विधवा. वारसांची वेगळी नोंदवही सहा-क. कोतवाल बुक म्हणजे नमुना चौदा, गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद. सरंजाम किंवा इनाम असलेल्या घरांत एकोणिसाव्या शतकातल्या इनाम चौकशीच्या वेळी दिलेल्या कैफियतींच्या नकला सापडतात आणि त्यांत मूळ पुरुषापासूनची वंशावळ असते. ती हक्क शाबीत करण्यासाठी लिहिलेली असते, हे वाचताना विसरू नका. ज्या भावाला वाटा द्यायचा नव्हता तो तिथे नसू शकतो.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांसाठी चर्चच्या बाप्तिस्मा आणि विवाह नोंदवह्या पायाभूत आहेत, आणि त्या पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असतात. मराठवाड्यातले निजामकालीन कागद बरेचसे उर्दूत मिळतात. दोन्ही ठिकाणी वाचणाऱ्याची मदत लागेल.

मजकूर उतरवून घेणं

मोडी कागदाचं लिप्यंतर देवनागरीत ओळीला ओळ जुळवून करा. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाजाने शब्द भरू नका. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ पासून जागा आहे, पण वंशावळ सॉफ्टवेअरमध्ये मोडी टाकून काही साधत नाही. तिथे लिप्यंतर जाईल आणि सोबत मूळ कागदाचं चित्र.

छापील कुलवृत्तांत असेल तर सगळा हाताने टाइप करायची गरज नाही. पानांचे स्कॅन गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडले की मराठी मजकूर ओळखला जातो. टेसरॅक्ट या मुक्त साधनालाही मराठी येतं. जुन्या छपाईतली जोडाक्षरं आणि आकडे मात्र हमखास चुकतात. ५ आणि ६, १ आणि ९ यांची गल्लत विशेष. तारखा नेहमी मूळ पानाशी ताडून पाहा.

आणखी एक अडचण खास आपली आहे. नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतर कुणा काकांनी श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा फाँटमध्ये वंशावळ टाइप केलेली असते. ती फाइल आज उघडली तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो मजकूर गेलेला नसतो, त्या फाँटने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. त्या त्या फाँटचं युनिकोड परिवर्तक मिळतं. परिवर्तनानंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी आधी तपासा, कारण गडबड तिथेच होते.

'ऱ' कडेही लक्ष द्या. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाणपूर यांतला ऱ वेगवेगळ्या कीबोर्डांवर वेगवेगळ्या पद्धतीने उमटतो. डोळ्याला एकच दिसतो, पण संगणकाला ती दोन वेगळी आडनावं वाटतात. एकदाच ठरवा आणि आडनावांची यादी करून तीतूनच चिकटवत जा. गोखले-गोखल्ये, जोशी-जोसी असे फरक मूळ कागदात असतील तर ते पर्यायी नाव म्हणून ठेवा, मुख्य नावात एकच रूप.

तारखा

खरं डोकं इथे लागतं. ग्रॅम्प्सला ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू, इस्लामी, पर्शियन अशी पंचांगं येतात, शालिवाहन शक येत नाही. म्हणून प्रत्येक तारीख दोनदा ठेवायची: परिवर्तित तारीख तारखेच्या चौकटीत आणि कागदावरचे मूळ शब्द जसेच्या तसे तारखेच्या संवादपेटीतल्या मजकुराच्या जागेत व शिवाय नोंदीच्या टिपणात. पुढे परिवर्तन चुकल्याचं कळलं तर मूळ हाताशी राहतं.

शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते चैत्र ते कार्तिकापुरतंच. माघ आणि फाल्गुन पुढच्या इंग्रजी वर्षात जातात, तिथे ७९ मिळवायचे. मार्गशीर्षाचा शेवट आणि पौष कुठे पडतात ते पंचांग पाहून ठरवावं. शिवजयंतीची तिथी हे याचं सर्वपरिचित उदाहरण: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. सरसकट ७८ मिळवले तर १६२९ येईल, बरोबर वर्ष १६३०. त्यातली १९ फेब्रुवारी ही तारीख ज्युलियन पंचांगाची आहे, ग्रेगोरियनने ती १ मार्च येते. आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत आणि जंत्र्यांत १७५२ पूर्वीच्या तारखा ज्युलियन धरतात. तेव्हा अशा जुन्या तारखा भरताना ग्रॅम्प्समध्ये पंचांग ज्युलियन निवडा. आणि राष्ट्रीय पंचांगाचा शक याच्याशी मिसळू नका. १९५७ मध्ये लागू झालेल्या त्या पंचांगात चैत्र १ बावीस मार्चला येतो, लीप वर्षात एकवीसला. त्यात तिथी नाहीत.

संवत्सराचं नाव दिलं असेल तर ताळा घेता येतो. शकात १२ मिळवून ६० ने भागा. बाकी जितकी, तितक्या क्रमांकाचं संवत्सर, प्रभव पहिला धरून. बाकी शून्य आली तर साठावं, क्षय. नारायणराव पेशव्यांचा खून शके १६९५ च्या भाद्रपदात झाला. १६९५ अधिक १२ म्हणजे १७०७, साठाने भागून बाकी २७. सत्ताविसावं संवत्सर विजय. कागदावर त्या शकाशेजारी 'विजय' लिहिलेलं असेल तर शकाचा आकडा बरोबर वाचला. नसेल तर एखादा अंक पुन्हा पाहावा.

त्याच प्रसंगाची मराठी दफ्तरातली सुरसनाची, म्हणजे अरबी अंकनामांनी लिहिल्या जाणाऱ्या सनाची, नोंद शब्दांत येते: आर्बा सबैन मया व अलफ. आर्बा म्हणजे चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७४. सुरसन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. जून ते डिसेंबर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. भाद्रपद ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणून ५९९, आणि वर्ष १७७३. शकातूनही १७७३ च येतं. दख्खनी फसली साल, म्हणजे महसुली वर्ष, सुरसनाच्या नऊ वर्षं पुढे असतं, तेव्हा तिथे ५९० किंवा ५९१. राज्याभिषेक शकात १६७३ किंवा १६७४ मिळवायचे. अशा बेरजांचं एक कोष्टक करून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा.

हरिद्वार किंवा काशीच्या पंड्यांच्या वहीतली नोंद असेल तर दोन गोष्टी बदलतात. तिथे विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करायचे, वर्षाअखेरीच्या महिन्यांत ५६. आणि महिने पौर्णिमेला संपतात. आपला भाद्रपद वद्य पक्ष तिथे आश्विन कृष्ण. तिथी तीच, महिन्याचं नाव एकाने पुढे. हे न कळल्याने एकाच आजोबांच्या मृत्यूच्या दोन तारखा दोन शाखांनी प्रामाणिकपणे जपलेल्या आढळतात.

पुष्कळ घरांत मृत्यूचं वर्ष कुणालाच माहीत नसतं, पण श्राद्धाची तिथी पक्की असते. ती टाका, वर्ष रिकामं ठेवा. श्राद्धातून आणखीही निघतं. पणजीचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल तर ती पणजोबांच्या आधी गेली. पणजोबांचा मृत्यू १९१८ चा असेल तर पणजीच्या मृत्यूच्या जागी '१९१८ पूर्वी' असं लिहिता येतं, आणि ग्रॅम्प्सला 'पूर्वी', 'नंतर', 'सुमारे', 'यांच्या दरम्यान' हे सगळे प्रकार समजतात.

उलट, शाळेच्या दाखल्यातली जन्मतारीख पक्की दिसते आणि नसते. एका गावातल्या एका पिढीचे निम्मे लोक १ जूनला जन्मलेले असतात, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख लिहिली. ती नोंदवा, पण तारखेची गुणवत्ता 'अंदाजित' निवडा. कोतवाल बुकातली तारीख मिळाली तर तिला वरचं स्थान द्या.

आधी सरावाचं घराणं

स्वतःचं घराणं भरण्याआधी पेशव्यांचं भरून पाहा, असा माझा आग्रह आहे. माहिती सहज मिळते, कुणी रागावत नाही, आणि मराठी वंशावळीतल्या सगळ्या अडचणी त्यात एकत्र भेटतात. बाळाजी विश्वनाथ, मग बाजीराव बाळाजी, मग बाळाजी बाजीराव: आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रीतीमुळे तीच दोन नावं फिरत राहतात. बाजीरावांच्या दोन बायका, काशीबाई आणि मस्तानी, आणि मुलं कुणाची कोणती ते ठाऊक. सवाई माधवराव वडिलांच्या मृत्यूनंतर, १७७४ मध्ये जन्मलेले. दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ मध्ये दत्तक घेतलेले नानासाहेब. एका संध्याकाळी तीस माणसं भरा, चुका करा, आणि ते झाड पुसून टाका.

तक्ता करून आणणं

माणसं पन्नासच्या आत असतील तर सरळ ग्रॅम्प्समध्ये हाताने भरा. शंभराच्या पुढे असतील तर तक्ता करून आणणं सोपं. ग्रॅम्प्सला सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेला साधा मजकूर, असा तक्ता घेता येतो. त्यात तीन भाग एकाखाली एक, मध्ये एक रिकामी ओळ ठेवून:

पहिला भाग माणसांचा. स्तंभांची शीर्षकं इंग्रजीत: पर्सन, सरनेम, गिव्हन, जेंडर, बर्थडेट, बर्थप्लेस, डेथडेट, नोट. 'पर्सन' या स्तंभात तुमचा स्वतःचा क्रमांक.
दुसरा भाग लग्नांचा: मॅरेज, हजबंड, वाइफ, डेट. नवरा-बायकोच्या जागी नाव लिहायचं नाही, पहिल्या भागातला क्रमांक लिहायचा.
तिसरा भाग मुलांचा: फॅमिली, चाइल्ड. लग्नाचा क्रमांक आणि मुलाचा क्रमांक.

क्रमांकच का, हे 'गोविंद रामचंद्र' नावाची चार माणसं एका घरात सापडली की पटतं. कुलवृत्तांतात व्यक्तीला किंवा शाखेला क्रमांक असेल तर तो टिपणात जपा. नातेवाईक त्याच क्रमांकाने विचारतील.

तक्ता एक्सेलमध्ये करत असाल तर तारखांचे स्तंभ सुरुवातीलाच 'टेक्स्ट' करून ठेवा. एक्सेल १९०० पूर्वीच्या तारखांना तारीख मानत नाही आणि नंतरच्या तारखा स्वतःच्या मर्जीने फिरवतो. तारीख इंग्रजी अंकांत, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली की गोंधळ होत नाही. ग्रॅम्प्सला न समजलेली तारीख नुसता मजकूर म्हणून राहते आणि तिच्यावरून वय किंवा क्रम काढता येत नाही. जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय, नाहीतर सगळ्या मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतील. लिबरऑफिस कॅल्क जतन करताना अक्षरसंच विचारतो, तिथेही यूटीएफ-८.

आता आयात. ग्रॅम्प्स आणलेली माहिती उघड्या असलेल्या वृक्षात मिसळून टाकतं, म्हणून आधी नवा रिकामा वृक्ष तयार करा आणि तिथे आणा. पहिल्यांदा फक्त दहा-पंधरा माणसांचा तुकडा आणून पाहा: नावं नीट दिसतात का, बाप-लेक जुळले का, स्त्रिया पुरुष म्हणून तर नाही आल्या. मग उरलेलं.

एखाद्या भावाने अमेरिकेतून जेडकॉम फाइल पाठवली तर तीही अशीच वेगळ्या वृक्षात उघडा. जेडकॉम ही वंशावळ सॉफ्टवेअरांची देवाणघेवाणीची भाषा, १९८० च्या दशकात मॉर्मन चर्चने बनवलेली. तिच्या जुन्या अवतारांत ॲन्सेल नावाचा अक्षरसंच चाले, त्यात देवनागरी बसतच नाही. फाइल ५.५.१ आवृत्तीत आणि यूटीएफ-८ मध्ये मागवा. फाइलच्या सुरुवातीच्या ओळी साध्या मजकूर संपादकात उघडल्या की ते दिसतं.

नावं, बायका, दत्तक

दिलेल्या नावाच्या चौकटीत फक्त माणसाचं नाव. वडिलांचं नाव तिथे कोंबू नका. ग्रॅम्प्समध्ये एका माणसाला एकाहून जास्त आडनावं देता येतात आणि प्रत्येकाचा उगम सांगता येतो. वडिलांचं नाव तिथे 'पॅट्रोनिमिक' म्हणून टाका, मग पसंतीमध्ये नाव दाखवण्याची नवी पद्धत करून नाव-वडील-आडनाव असा आपला क्रम लावता येतो. सगळ्यांना हे करण्याची गरज नाही. ज्यांचे वडील वृक्षात अजून जोडले गेले नाहीत, त्यांच्यासाठी मात्र करा, कारण ते मधलं नाव हाच तुमचा पुढचा धागा असतो. दादा, अण्णा, ताई, बाबासाहेब ही हाकेची नावं टोपणनावात. राव, पंत, बाई नावाला जोडायचे की नाही हे एकदाच ठरवा.

स्त्रियांचं मुख्य नाव माहेरचं ठेवा. सासरचं नाव पर्यायी नाव म्हणून, प्रकार 'मॅरिड नेम', आणि लग्नात पहिलं नाव बदललं असेल तर तेही तिथेच. कमल आणि सुमती या एकच बाई आहेत हे सॉफ्टवेअरला कळतं, आणि माहेरच्या बाजूची वंशावळ जोडायची वेळ आली की दार उघडं असतं. जुन्या वंशावळींत मुलगे तेवढे लिहिलेले असतात, फार तर 'कन्या २'. त्या दोघींसाठी निनावी नोंदी उघडा, नाव रिकामं सोडा. 'अज्ञात' हे नाव टाकू नका. पन्नास 'अज्ञात' झाल्या की शोध निकामी होतो.

पहिली बायको वारल्यावर दुसरं लग्न, आणि मुलं कोणाची ते लिहिलेलं नाही, हे वारंवार भेटतं. प्रत्येक लग्नाचं वेगळं कुटुंब करा आणि ज्या मुलांची आई ठरत नाही त्यांच्यासाठी फक्त बापाचं तिसरं कुटुंब. पुरावा मिळाला की मूल उचलून योग्य ठिकाणी ठेवा. अंदाजाने आई ठरवली तर ती चूक पुढच्या दहा प्रतींत जाते. मामेबहिणीशी लग्न झालेल्या घरांत तीच बाई दोन वाटांनी वृक्षात येते. तिची दुसरी नोंद करू नका, पहिलीच जोडा. आलेखात ती दोनदा दिसली तरी चालेल.

दत्तकासाठी एका माणसाला दोन आईबापांच्या जोड्या द्यायच्या. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक जोडीशी नातं वेगळं लिहिता येतं: एकीशी 'बर्थ', दुसरीशी 'ॲडॉप्टेड'. दत्तविधानाचा प्रसंगही स्वतंत्र टाका, तारीख आणि दत्तकपत्राच्या उल्लेखासह. विधवेने घेतलेला दत्तक तिच्या मृत नवऱ्याच्या नावे जातो, त्यामुळे दत्तक बापाच्या मृत्यूनंतरची दत्तकाची तारीख ही चूक नसते. पिढ्याही उलटसुलट होतात. १७९६ मध्ये सवाई माधवरावांच्या विधवेला, यशोदाबाईंना, रघुनाथरावांचा मुलगा चिमाजी दत्तक दिला. नात्याने हा सवाई माधवरावांचा चुलत काका, आणि कागदोपत्री झाला मुलगा. आलेखात आईबापांची जी जोडी वर ठेवाल तिचीच ओळ काढली जाते. वारसा आणि श्राद्धाची परंपरा दाखवायची तर दत्तकघर वर, रक्ताचं नातं दाखवायचं तर जन्मघर. क्रम हवा तेव्हा बदलता येतो, त्यामुळे यावरून भांडू नये.

गोत्र, कुलदैवत, मूळ गाव यांना तयार जागा नाही. 'गोत्र' नावाचं स्वतःचं गुणविशेष तयार करून प्रत्येक शाखेच्या मूळ पुरुषाला लावा, सगळ्या नातवंडांना नको. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाताना अशी खास माहिती गळू शकते, म्हणून जाण्याआधी छोट्या तुकड्यावर चाचणी घ्या.

गावं

ठिकाण एकाच लांब ओळीत लिहू नका. गाव, तालुका, जिल्हा, राज्य अशी एकात एक ठिकाणं तयार करा आणि 'कशात' या नात्याला तारीख द्या. कुडाळ १ मे १९८१ पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात, नंतर सिंधुदुर्गात. पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाण्यात. जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत, आणि आज तो जुना जिल्हा छत्रपती संभाजीनगर. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. ग्रॅम्प्स प्रसंगाच्या तारखेप्रमाणे त्या वेळचा जिल्हा दाखवतं. नावं बदलली म्हणून नवं ठिकाण करू नका, त्याच ठिकाणाला तारखेसह दुसरं नाव द्या. एकाच नावाची गावं महाराष्ट्रात पैशाला पासरी आहेत, वडगाव आणि पिंपळगाव तर विचारूच नका. तालुक्याशिवाय गाव लिहू नये.

पुरावा जोडणं

ग्रॅम्प्समध्ये तीन पायऱ्या आहेत. रिपॉझिटरी म्हणजे कागद जिथे आहे ती जागा: पुणे पुराभिलेखागार, भारत इतिहास संशोधक मंडळ, तहसील कार्यालय किंवा 'काकांचं कपाट, सातारा'. सोर्स म्हणजे तो ग्रंथ किंवा नोंदवही. सायटेशन म्हणजे त्यातलं नेमकं पान किंवा फेरफार क्रमांक. पहिल्या दोन एकदाच करायच्या, तिसरी प्रत्येक वेळी. तुम्ही सुरुवातीला कागदाला दिलेला क्रमांक सायटेशनमध्ये लिहा आणि स्कॅन तिथेच जोडा. आत्याने सांगितलेलीही नोंद हाच एक सोर्स: कुणी सांगितलं, केव्हा, कुणासमोर.

प्रत्येक सायटेशनला विश्वासाची पातळी देता येते. प्रसंगाच्या वेळीच झालेली नोंद वर, आठवण खाली, आणि ज्या नोंदीत कुणाचा हक्क गुंतला होता ती मधे. दोन कागद दोन तारखा देत असतील तर एक पुसून टाकू नका. दोन्ही जन्मप्रसंग ठेवा, दोन्हींना आपापले पुरावे जोडा आणि जो पटतो तो मुख्य करा. कुलवृत्तांताच्या सुरुवातीला मूळ पुरुष थेट परशुरामाच्या काळात किंवा एखाद्या ऋषीपाशी नेलेला असतो. ते टिपणात राहू द्या. व्यक्ती म्हणून नोंद तिथूनच सुरू करा जिथून कागद सुरू होतो.

तपासणी आणि वाटप

सगळं आणून झालं की साधनांच्या यादीतून 'व्हेरिफाय द डेटा' चालवा. आई बारा वर्षांची असताना जन्मलेलं मूल, एकशे दहा वर्षं जगलेले आजोबा, लग्नाआधीचा मृत्यू असं सगळं पुढे येतं. यातलं सगळंच चूक नसतं, बालविवाहाच्या काळात पंधराव्या वर्षीचं बाळंतपण खरंही असेल. पण शकात ७८ दोनदा मिळवलेली तारीख इथेच पकडली जाते. नंतर 'फाइंड पॉसिबल डुप्लिकेट पीपल'. आपल्याकडे ते भरभरून संशय घेतं, कारण आजोबा-नातवंडांची नावं एकच. एका क्लिकमध्ये विलीन करण्याआधी वडिलांचं आणि बायकोचं नाव पाहा. विलीनीकरणानंतर माणसं वेगळी करणं जिकिरीचं असतं.

मग ज्येष्ठांना दाखवायचं. पडद्यावर नाही, कागदावर. वंशजांचा अहवाल मोठ्या अक्षरांत छापून, बाजूला कोरी जागा सोडून द्या आणि लाल पेन हातात ठेवा. छापण्याआधी अहवालाचा फाँट देवनागरीचा निवडला आहे ना, ते बघा. पुसट दिसणाऱ्या चौकटीतही म्हातारी माणसं चूक अचूक काढतात, आणि चूक काढता काढता तीन नवी नावं सांगून जातात.

नातेवाइकांच्या ग्रूपवर पूर्ण फाइल टाकू नका. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख ही बँकेची सुरक्षेची प्रश्नोत्तरं असतात. निर्यात करताना हयात व्यक्ती वगळण्याचा किंवा त्यांची फक्त नावं ठेवण्याचा पर्याय ग्रॅम्प्स देतं, तो वापरा. आधार क्रमांक, पत्ते, फोन वृक्षात भरूच नयेत. घटस्फोट, दुरावलेले संबंध, लपवलेले दत्तक अशा नोंदींवर कुलुपाची खूण करून त्या खासगी ठेवता येतात. निर्यातीत त्या जायच्या की नाही हे तेव्हा ठरवा.

जपणुकीसाठी दोन फाइली दर महिन्याला काढा: एक ग्रॅम्प्सची स्वतःची चित्रांसकट गठ्ठा फाइल, जिची अखेर जीपीकेजी असते, आणि एक जेडकॉम, उद्या ग्रॅम्प्स नसलं तरी उघडेल अशी. एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे. त्यांना ती स्वतःच्या संगणकावर उघडायला सांगा आणि पणजोबांच्या पानावरचा फेरफाराचा स्कॅन दिसतो का ते विचारा. दिसत नसेल तर चित्रं गठ्ठ्यात गेली नाहीत. चित्रांच्या फोल्डरचा मूळ पत्ता पसंतीमध्ये दुरुस्त करून गठ्ठा पुन्हा काढा.